चिठ्ठीवरची कोरी ओळ

नाव वाचलं गेलं तेव्हा थेरेसा तिसऱ्या बाकावर गुडघे टेकून होती, आणि चांगली धडधाकट दिसत होती.

राखेच्या बुधवारआधीचा, म्हणजे उपवासकाळाच्या तोंडावरचा रविवार, चर्चमध्ये सकाळी साडेसातची मिस्सा. वाचनाला क्लेमेंटीन उभी होती. क्लेमेंटीन म्हणजे थेरेसाची धाकटी जाऊ. एकाच घराचे दोन भाग, मध्ये विटांची भिंत, आणि अकरा वर्षांत दोघींमध्ये एक शब्द नाही. गास गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. क्लेमेंटीन वाचायला उभी राहिली की थेरेसा खाली मान घालून स्वतःच्या बोटांकडे बघत राहायची, आणि गाव थेरेसाकडे बघत राहायचं. लोकांचं मिस्सेत लक्ष असतं म्हणतात, ते हे असं.

"आता आपल्या मृत बांधवांसाठी," क्लेमेंटीन वाचत होती. आवाज तिचा सुरेख, उगाच नाही फादर तिला दर महिन्याला उभं करत. "सायमन पास्कोल परेरा, मोनिका बस्त्याव डाबरे, थेरेसा थॉमस..."

इथे ती अडखळली. कागदाकडे बघत राहिली. माइकमध्ये तिचा श्वास ऐकू आला.

"...रुमाव. यांच्या आत्म्यांना चिरशांती लाभावी म्हणून प्रार्थना करू या."

थेरेसाच्या शेजारी तिची लेक ॲंजेला होती. तिच्या पहिलं मनात आलं ते हे की संपलं, आपल्या आयला कळलं. मग वाटलं, नावाची चूक असेल, गावात थेरेसा काय कमी आहेत? पण थेरेसा थॉमस रुमाव एकच होती. लोकांनी सवयीने "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावरच गिळलं. अख्ख्या चर्चमध्ये एकच आवाज शेवटपर्यंत गेला, खणखणीत. तो आयचा होता.

"आय," ॲंजेला कुजबुजली.

"पुढे बघ. मिस्सा चालू आहे."

बाहेर पडताना एका शेजारणीने थेरेसाचा दंड धरला. "बाय, चुकून आलं असेल हां कागदावर. मनाला लावून घेऊ नको."

"चुकून असेल तर देव बघेल," थेरेसा म्हणाली, "आणि चुकून नसेल तर मिस्सा फुकट गेली नाही."

घरी येईपर्यंत ती पुढे एक अक्षर बोलली नाही. मिस्सेची साडी बदलली, पदर खोचला, आणि मागच्या पडवीत बोंबील साफ करायला बसली. ॲंजेला मदतीला गेली तर तिला विळीच्या टोकाने बाहेरची वाट दाखवली.

*

बाहेर ओटीवर शॉनला दम धरवत नव्हता. शॉन थोरला मुलगा, मुंबईत बँकेत नोकरीला, राहायला विरारला मनवेलपाड्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये. आठवडाभर टाय लावणारा माणूस, पण आवाज चढला की गासचाच.

"मी आत्ता भिंतीपलीकडे जातो आणि काकीला विचारतो, लाज नाही वाटली? जिवंत माणसाला मेलेल्यांत वाचते? जाणूनबुजून केलंय तिने."

"हळू बोल रे, आत ऐकू जाईल," पॉलिनआत्या म्हणाली. पॉलिन थेरेसाच्या नवऱ्याची, थॉमसची बहीण, निर्मळला दिलेली. मुलांना धर्मशिक्षण शिकवून शिकवून तिला मोठ्यांनाही शिकवायची सवय लागली होती.

"जाणूनबुजून केलं असतं तर अडखळली नसती," ॲंजेला म्हणाली.

"तू तिची बाजू घेतेस?"

"बाजू नाही घेत. मी समोर होते, मी तिचं तोंड बघितलं. तू मागे पुरुषांत उभा होतास."

"आणि तिला कळलं कसं? आपण चौघं सोडून कोणाला ठाऊक होतं? सांग ना!"

थॉमसने खुर्ची वाडीच्या बाजूला वळवून घेतली होती आणि केळींकडे बघत होता. गेले पंधरा दिवस तो असाच होता. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी शॉनला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोटातली गाठ पसरलीय, आणि तुमची आई हा पावसाळा बघेल असं मी सांगणार नाही. घरी येऊन चौघांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. तिला सांगितलं, अल्सर आहे, तिखट कमी खा.

"ते काकीचं मागाहून बघू," शॉनने भिंतीवरचं पॅरिशचं कॅलेंडर काढून टीपॉयवर पसरलं. खिशातून लाल बॉलपेन काढलं. "उद्या दहा वाजता मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. आज ठरलंच पाहिजे. हे बघा, उद्यापासून ती माझ्याकडे. तीन-तीन आठवड्यांनी औषध चढवायचं, मध्ये तपासण्या. म्हणजे सोमवार ते शुक्रवार माझे."

त्याने चौकटीचौकटीत 'शॉ' लिहायला सुरुवात केली. ओळ संपली, दुसरी संपली.

"अरे, थांब की! वेलंकनीच्या यात्रेचं काय?" पॉलिन पुढे सरकली. "मी नवस बोललेय तिच्यासाठी. आणि उपवासकाळात चार दिवसांचं रिट्रीट आहे, प्रार्थनेचं शिबिर, ते तिने करायलाच हवं."

"आत्या, तिला बसल्या जागी धाप लागते आणि तू तिला मद्रासच्या खाली नेणार?"

"तुझं औषध तिला चार आठवडे जास्त देईल, शॉन. देईल तर. पण आत्म्याची तयारी कोण करणार? माणसाला वेळ कळणं हीसुद्धा कृपा असते. किती जणांना मिळते? फुकट घालवायची?"

"वेळ तिला कळलीय कुठे? आपण तर सांगितलंच नाही तिला!" ॲंजेला म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. "आणि बारा मेला माझं लग्न आहे. त्याआधीचे पंधरा दिवस मला ती इथे हवी. दवाखान्यात नको, वेलंकनीला नको. इथे." डोळे पुसून तिने स्वतःच पेन घेतलं आणि मेमध्ये 'ॲं' लिहायला लागली.

"आठच दिवस लिही."

"पंधरा."

"मग एप्रिलचा शेवटचा आठवडा माझा," पॉलिन म्हणाली.

बारा वर्षांपूर्वी याच ओटीसमोर थॉमस आणि त्याचा धाकटा भाऊ ॲन्सेल्म यांनी वाडी वाटली होती. तेव्हा काथ्याची दोरी धरून मापं घेतली होती, आता बॉलपेन होतं. बाकी भांडण तसंच.

"पप्पा," ॲंजेलाला मध्येच आठवलं, "तुम्हाला कधी हवी?"

थॉमसने मान वळवली. "मला?" लग्नाच्या पस्तीस वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. "मला रविवार ठेवा."

"रविवारी सगळे भेटायला येणार, पप्पा. रविवार कुणा एकाचा कसा ठेवणार?" शॉन म्हणाला.

"मग राहू दे," थॉमस म्हणाला.

*

थॉमसने थेरेसाला सगळ्यांच्या आधी बघितलं. आतल्या दारात ती उभी होती, हात कोपरापर्यंत ओले, बोंबलाचा वास. किती वेळ उभी होती देव जाणे. थॉमसला आठवलं, वाटणीच्या दिवशीही ती अशीच दारात उभी होती आणि शेवटी म्हणाली होती, झालं का तुमचं, जेवायला वाढू का? आत्ताही तो त्याच वाक्याची वाट बघत होता. ते आलं नाही.

"किती दिवस आहेत?" थेरेसाने विचारलं.

"कसले दिवस, आय?" शॉनने कॅलेंडर उलटं केलं.

"चर्चमध्ये गावासमोर सांगून झालं. आता घरात सांगायला लाज कसली?"

"वयनी, तू आधी बस," पॉलिन म्हणाली.

"मी यांना विचारतेय." ती थॉमसकडे बघत होती.

थॉमस उभा राहिला. बसून सांगता येईना. "पावसाळ्यापर्यंत."

"ह्याच पावसाळ्यापर्यंत?"

"ह्याच."

थेरेसाने मान हलवली, भाजीवाल्याने भाव सांगावा आणि आपण घासाघीस न करता ऐकावा, तशी. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली. "म्हणजे अल्सर नाही."

"नाही."

"तरीच म्हटलं! पंधरा दिवस मला कोणी पाण्याचा हंडा उचलू देत नाही. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, घरच्यांना अक्कल आली." ती हसली, पण हसू मधेच तुटलं आणि तिने ओला हात तोंडावर धरला. ॲंजेला धावली, तिच्या गळ्यात पडली. थेरेसाने तिला पाठीवर दोनदा थोपटलं आणि मग बाजूला केलं. "बाजूला हो, मासळीचा वास लागेल. बघू दे मला. क्लेमीला कोणी सांगितलं?"

सगळे चमकले. अकरा वर्षं या घरात तिचा उल्लेख 'ती', 'पलीकडची', फार तर 'ॲन्सेल्मची बायको' असा व्हायचा. क्लेमी हे नाव ॲंजेलाने लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं.

"मी," थॉमस म्हणाला. "तिला नाही, ॲन्सेल्मला. बावखलाच्या तळ्यावर पाणी लावायला गेलो होतो, तोही आला होता. बोललो."

"पप्पा!" शॉन ओरडलाच. "मी इथे काकीच्या नावाने बोंबलतोय आणि तुम्ही... आपलं ठरलं होतं ना? कोणालाही नाही म्हणून ठरलं होतं!"

"तुमचं ठरलं होतं," थॉमस म्हणाला. "तुम्ही तिघं एकमेकांना फोन करून बोलायचात. मी कोणाशी बोलायचं? पस्तीस वर्षं जे झालं ते हिला सांगितलं. आणि तुम्ही म्हणता, हिलाच सांगू नका. मग मी तळ्यावर जाऊन भावाला सांगितलं. काय चुकलं माझं?"

थेरेसा नवऱ्याकडे बघत राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, "आणा ते इकडे."

शॉनने नाइलाजाने कॅलेंडर दिलं. तिने पानं उलटली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचलं. "शॉ, शॉ, शॉ. हा पॉ म्हणजे पॉलिन. ॲं कळलं. थॉ कुठे दिसत नाहीत. अख्खी वाटून टाकलीत की मला!"

"आय, तुझ्याच चांगल्यासाठी..."

"ठाऊक आहे रे. वाईटासाठी कोण कॅलेंडर घेऊन बसतं?" ती परत फेब्रुवारीवर आली आणि एका चौकटीवर तिचं बोट थांबलं. बोटाचा ओला डाग कागदावर पडला. "आणि हा?"

"तो आज आहे," शॉन म्हणाला. "आज काय, आज नुसतं ठरवायचं..."

"म्हणजे आजचा कोणी घेतला नाही."

शॉनने टीपॉयवरचं पेन उचलून खिशात टाकलं.

"मग आजचा मी घेते." ती भिंतीला धरून उठली. "ॲंजेला, बोंबील तव्यावर टाक, जाळू नको. उद्याचं उद्या. डॉक्टरकडे यायचं की नाही, ते मी यांच्याशी बोलून सांगेन. पॉलिन, वेलंकनीच्या माऊलीला मी इथूनही दिसते."

"चाललीस कुठे?"

"पलीकडे."

शॉन दारात आडवा झाला. "त्या बाईच्या दारात? आय, तिने तुला जिवंतपणी मारलं आज!"

"मग तिला विचारायला नको, कसं वाटतंय म्हणून? हट बाजूला, शॉन. माझा दिवस चालला."

*

भिंतीपलीकडे क्लेमेंटीन स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. मिस्सेची साडी तशीच, पर्स मांडीवर. ॲन्सेल्मने दोनदा चहा पुढे केला, दोनदा तो गार झाला. शेवटी तो वैतागून वाडीत निघून गेला. भिंतीतून शॉनचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते पण आपलंच नाव मळलं जातंय हे कळत होतं. तिला वाटत होतं, येऊ दे. चार शिव्या देईल, बरं वाटेल.

मागचं दार लोटलं गेलं. शॉन नव्हता.

क्लेमेंटीन उठली तशी पर्स खाली पडली, जपमाळ, रुमाल, सुटे पैसे सगळं फरशीवर. दोघींनी त्याकडे बघितलं. उचलायला कोणी वाकलं नाही.

"का वाचलंस?" थेरेसा म्हणाली.

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे होतं.

"बाय, शपथ घेऊन सांगते..."

"शपथ नको. का वाचलंस ते सांग."

"मिस्सा मीच दिली होती. तुझ्यासाठी." क्लेमेंटीनने दोन्ही हात पोटाशी आवळून धरले. "ॲन्सेल्मने सांगितलं त्या दिवसापासून झोप नाही मला. चर्चच्या ऑफिसात गेले, मिस्सेची चिठ्ठी घेतली. नाव लिहिलं तुझं. खाली ओळ असते ना, हेतू काय म्हणून. आजारी लिहायचं तर गावभर होणार, आणि तुलाच ठाऊक नव्हतं म्हणे. आणि लोक म्हणणार, बोलत नाही आणि मिस्सा कसली देते? मग काय लिहू? ती ओळ कोरी सोडली. म्हटलं, देवाला कळतंय."

थेरेसाने डोळे मिटले. "देवाला कळलं गं. ऑफिसवाल्याला नाही कळलं."

"त्याने नुसतं नाव बघितलं आणि टाकलं मेलेल्यांत! मला कागद वाचनाच्या वेळी हातात मिळाला. नावामागून नावं येत होती, थेरेसा म्हणेपर्यंत जीभ पुढे गेली. थॉमस म्हटलं आणि मला दिसलीस तू, समोर."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर लोक म्हणाले असते, हिला जावेचं आडनावसुद्धा तोंडात घ्यायला नको. मला काय सुचत होतं?" क्लेमेंटीन रडायला लागली, मोकळी, लहान पोरीसारखी. "माझ्या तोंडाने गेलं ते, बाय. माझ्या तोंडाने."

थेरेसाने स्टूल ओढलं आणि बसली. तिला उभं राहवत नव्हतं, पण ते तिला क्लेमीला दिसू द्यायचं नव्हतं. भिंतीकडे बघत ती म्हणाली, "फ्लॉसीच्या लग्नाचं बोलायचंय."

क्लेमेंटीनचं रडणं थांबलं.

फ्लॉसी क्लेमेंटीनची मुलगी. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजवत बायका विहिरीवर पाणी आणायला जातात, आणि पहिली घागर थोरल्या काकीची. एक्याण्णव सालच्या मे महिन्यात थेरेसा विहिरीवर पोचली तेव्हा पहिली घागर दुसऱ्या बाईच्या कमरेवर होती. सगळ्या बायकांसमोर थेरेसा तशीच माघारी फिरली. लग्नाला गेली नाही, नंतर भिंत झाली.

"दहा मिनिटं," क्लेमेंटीन म्हणाली. "दहा मिनिटं उशीर झाला तुला. रिक्षा बंद पडली होती ना."

"रिक्षा बंद पडली नव्हती."

"काय?"

"नालासोपाऱ्याला फुलं घेऊन बसले होते. लग्नसराई, भाव चढलेला. सगळं संपलं होतं, एक करंडी उरली होती. म्हटलं, एवढी विकून निघू, माल कशाला वाया घालवा." थेरेसाने हाताची बोटं पदराला पुसली, पुन्हा पुन्हा. "रिक्षाचं मी रस्त्यात जुळवलं. अकरा वर्षं तेच सांगतेय. कन्फेशनलासुद्धा सांगितलं नाही. तुझ्या पोरीची घागर मी एका करंडीसाठी सोडली, क्लेमी."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. क्लेमेंटीन आता बोलावं की नाही, हे ठरवत होती. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. चूक थेरेसाने कबूल केली होती, हिशेब तिथेच मिटत होता. पण समोर बसलेल्या बाईला पुढच्या वर्षी सांगू असं म्हणायची सोय नव्हती.

"तू मला दिसली होतीस," ती म्हणाली.

"कुठे?"

"वळणावर, चिंचेजवळ. डोक्यावर रिकामी करंडी, पळत येत होतीस. बँडवाला घाई करत होता म्हणून मी थांबले नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो बिचारा काही बोललाच नव्हता. मीच म्हटलं, चला, उचला. राग आला होता मला. म्हटलं, हिला विकण्यापुढे माझी पोरगी दिसत नाही, तर समजू दे."

थेरेसाचा चेहरा बघता बघता लाल झाला. ती उठली. तिला धाप लागली होती.

"तू बघितलंस मला?"

"हो."

"पळताना बघितलंस?"

"हो, बाय."

"चप्पल तुटली होती माझी! अनवाणी पळत होते मी, मेच्या उन्हात! आणि तू बघून..." तिने दाराची कडी धरली. क्लेमेंटीनला वाटलं, गेली. आता ही गेली ती कायमची. थेरेसाने दार अर्धं उघडलंसुद्धा. बाहेर ऊन चढलं होतं, दहा वाजत आले असतील. ती त्या उन्हाकडे बघत उभी राहिली. खांदे वरखाली होत होते.

मग तिने दार लोटलं आणि परत येऊन स्टुलावर बसली.

"काय सांगू तुला," ती म्हणाली, "माझ्याकडे वेळ असता ना, तर यावर आणखी पाच वर्षं बोलले नसते तुझ्याशी."

क्लेमेंटीनला हसावं की रडावं कळेना. ती फरशीवरच बसली, थेरेसाच्या पायाशी, सांडलेल्या सुट्या पैशांत. "मला माफ कर."

"तूही."

"मला ठाऊक आहे तुला जड जातं ते. संध्याकाळी रोझरीच्या जपाला तुझा आवाज भिंतीतून येतो. प्रभूच्या प्रार्थनेत ती दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ आली की तू गप्प होतेस. बाकीचे म्हणतात, तू नाही. पुढच्या ओळीला परत आवाज येतो."

थेरेसा दचकली. "तुला ऐकू येतं?"

"अकरा वर्षं."

"मला वाटलं, कोणाला कळत नसेल." थेरेसाने खाली वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून मासळीचा वास होता. "तुझी चिठ्ठी कोरी आणि माझी प्रार्थना कोरी. आपण दोघी देवाला किती कामाला लावलं गं!"

आता मात्र दोघी हसल्या. पलीकडून तव्यावरच्या बोंबलाचा वास येत होता आणि त्याला थोडी करपट झाक होती. थेरेसाने नाक वर केलं. "जाळले पोरीने. बारा मेला लग्न आहे, आणि हिला बोंबील भाजता येत नाहीत."

"मी शिकवेन."

"पहिली घागर तुझी. मी असले तरी तुझी, नसले तरी तुझीच. तुझा पाय लचकू दे, रिक्षा बंद पडू दे, बँड तुझ्यासाठी थांबेल. मी आजच सांगून ठेवते सगळ्यांना."

"तू असशील."

"बघू." थेरेसाने तिचं मनगट धरलं. "आणि आणखी एक. आज तू अडखळलीस."

"बाय, तो विषय नको ना आता."

"ऐक तर. मला आवडलं नाही ते. थेरेसा थॉमस, मग एवढी मोठी फट, मग रुमाव. लोकांना वाटेल आडनाव विसरली. तो दिवस येईल तेव्हा सरळ वाचायचं."

"मी नाही वाचणार! दुसरं कोणीही वाचू दे."

"दुसरं कोण? एक तरी बाई सांग गावात, जिला माझं नाव धड घेता येतं. पॉलिन वाचेल तर प्रवचन देईल. तूच वाचायचं. आत्ता म्हणून दाखव."

"आत्ता?"

"मग कधी? मी गेल्यावर मला कसं कळणार, नीट म्हटलंस की नाही?"

भिंतीच्या अलीकडे शॉन, ॲंजेला आणि पॉलिन कान देऊन उभे होते. थॉमस थोडा मागे, करपलेल्या तव्यापाशी. आत भांडण होतंय की काय हे कळत नव्हतं. मग त्यांना काकीचा आवाज ऐकू आला, सकाळी चर्चमध्ये ऐकलेला तोच सुरेख आवाज, पण घोगरा.

"थेरेसा थॉमस..."

आवाज फुटला. नाक ओढल्याचं ऐकू आलं.

शॉन पुढे झाला, थॉमसने त्याचा हात धरला.

"पुन्हा," थेरेसा म्हणत होती. "घाबरतेस काय अशी? अजून वेळ आहे. म्हण."